हौशी फ्लोअर हॉकी लीग: नियम कोणत्या क्रमाने ठरवायचे आणि कोर्टवर कसे पाळायचे

थंडी पडून मैदानावरचं क्रिकेट बंद झालं की टोरांटोच्या आसपास किंवा न्यू जर्सीत राहणारी आपली मंडळी शाळेची जिम भाड्याने घेतात आणि फ्लोअर हॉकी, म्हणजे बर्फाऐवजी जिमच्या फरशीवर साध्या बुटांनी खेळायची हॉकी, सुरू करतात. पहिले दोन शुक्रवार छान जातात. तिसऱ्या शुक्रवारी कुणाची तरी स्टिक कुणाच्या तरी भुवईला लागते, हा फाउल होता की नव्हता यावर दहा मिनिटं वाद होतो, आणि हंगाम अर्ध्यावर येईपर्यंत चाळिशीतले खेळाडू यायचे थांबतात. दोष खेळाडूंचा नसतो. क्रम उलटा झालेला असतो: आधी व्हॉट्सॲप ग्रुप, मग पैसे, मग जर्सी, मग सामने, आणि भांडण झाल्यावर नियम.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे आइस हॉकीचं नियमपुस्तक उचलायचं आणि त्यातून बर्फ तेवढं वगळायचं. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. अमेरिकी हायस्कूलचं बास्केटबॉल कोर्ट ८४ फूट बाय ५० फूट. म्हणजे जागा जेमतेम पाव. ऑफसाइड, आयसिंग (स्वतःच्या अर्ध्यातून चकती थेट पलीकडच्या टोकाला मारणं) आणि बॉडी चेकिंग (अंगाने धडक देऊन अडवणं) यांचे नियम त्या मोठ्या जागेसाठी आहेत, ते इथे लागूच पडत नाहीत. फ्लोअरबॉल या हलक्या चेंडूच्या इनडोअर हॉकीप्रकाराचं आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकही जसंच्या तसं चालत नाही, कारण ते ४० मीटर बाय २० मीटरचं मैदान आणि त्याभोवती अर्धा मीटर उंचीची फळी गृहीत धरतं. तुमच्या जिममध्ये भिंत आहे, फळी नाही.

म्हणून सुरुवात पुस्तकापासून करू नका. हॉलपासून करा.

१. हॉल मोजा, मग संघात किती माणसं ते ठरवा

जिम वापरण्याचा परवाना घेण्याआधी टेप घेऊन जिममध्ये जा. कोर्टच्या रेषा मोजू नका, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, कारण खेळ भिंतीपर्यंत जाणार आहे. मोजताना कागदावर एक साधा नकाशा काढा आणि त्यावर दारं, दारांच्या कड्या, स्टेजची कड, घडी घालून ठेवलेली बाकं, पाण्याचा नळ, आगीचा अलार्म हे सगळं दाखवा. ज्या कोपऱ्यावर माणूस आदळू शकतो तिथे गादी लागेल. गादी जिममध्ये असते, पण ती आपण लावायची हे नियमात लिहिलेलं नसेल तर कुणीच लावत नाही.

एका बास्केटबॉल कोर्टएवढी जागा असेल तर चार खेळाडू आणि एक गोलकीपर. पाच अधिक एक घेतलं तर समोर पास द्यायला जागा राहत नाही, सगळे चेंडूभोवती गोळा होतात आणि जवळजवळ प्रत्येक इजा त्या गर्दीत होते. दुहेरी जिम, म्हणजे मधला पडदा उघडून दोन कोर्ट एकत्र होणारी, असेल तरच पाच अधिक एक.

गोल मागच्या भिंतीला चिकटवू नका. गोलरेषा भिंतीपासून किमान दोन मीटर पुढे ठेवा म्हणजे गोलच्या मागूनही खेळता येईल आणि शॉट मारून धावत आलेला माणूस थेट भिंतीत जाणार नाही. गोलसमोर ३ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल चौकोन टेपने आखा. ही गोलकीपरची क्रीज.

*सावधान:* डक्ट टेप लावू नका. लाकडी फरशीवर त्याचा चिकटपणा राहतो आणि पुढच्या वेळी परवाना मिळत नाही. रंगाऱ्यांची निळी टेप किंवा जिमच्या फरशीसाठी मिळणारी टेप वापरा आणि त्याच रात्री काढा.

२. परवाना आणि विमा, पैसे गोळा करण्याआधी

परवान्याच्या अर्जात खेळाचं नाव स्पष्ट लिहा: फ्लोअर हॉकी, प्रौढ. नुसतं "क्रीडा उपक्रम" लिहून चालत नाही. काही शाळा हॉकीला परवानगीच देत नाहीत, काही फक्त प्लास्टिकची स्टिक आणि हलका चेंडू चालेल म्हणतात. ही अट आधी कळली तर सामानाची खरेदी वाया जात नाही. एका गटाने लाकडी स्टिका घेऊन ठेवल्या आणि नंतर परवान्यातली अट वाचली. पूर्ण हंगाम त्या कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडून राहिल्या.

दायित्वाचा विमा बहुतेक ठिकाणी मागतात, आणि प्रमाणपत्रावर शाळामंडळाचं नाव सहविमाधारक म्हणून घालावं लागतं. रक्कम परवान्यातच दिलेली असते. विमा काढताना "प्रौढांची हौशी हॉकी, शारीरिक धडक नाही" हे शब्द जसे अर्जात आहेत तसेच तुमच्या नियमांतही असले पाहिजेत. अर्जात एक आणि नियमांत दुसरं असेल तर दावा करायच्या वेळी अडचण येते.

खेळाडूंची वर्गणी ठरवताना जिम, विमा, पंचांचं मानधन, चेंडू, टेप आणि प्रथमोपचार पेटी यांची बेरीज करा. तिला खेळाडूंच्या अपेक्षित संख्येने भागू नका, त्या संख्येच्या ऐंशी टक्क्यांनी भागा. साठ जण येणार म्हणतात तेव्हा पैसे अठ्ठेचाळीसच जण वेळेवर देतात असं धरून चला.

३. चेंडू आणि स्टिक एकाच जातीची

हे आधी ठरवा, कारण सुरक्षेचे पुढचे सगळे नियम यावर अवलंबून आहेत.

टेनिस बॉल नको. तो लाकडी फरशीवर उसळतो, उसळला की माणसं हवेत स्टिक फिरवतात. रस्त्यावरच्या हॉकीचा कडक नारिंगी चेंडू लहान जिममध्ये नको, कारण चार मीटरवरून मारलेला तो चेंडू चष्मा फोडू शकतो. मैदानी हॉकीचा चेंडू तर साधारण १६० ग्रॅमचा असतो, त्याचा विचारही करू नका. नव्या लीगसाठी माझी शिफारस फ्लोअरबॉलच्या भोकं असलेल्या पोकळ चेंडूची आहे: ७२ मिलिमीटर व्यास, वजन फक्त २३ ग्रॅम. तो लागला तर चटका बसतो, हाड मोडत नाही. खेळ थोडा हलका वाटतो, सरावलेल्यांना सुरुवातीला आवडत नाही. तरी पहिल्या हंगामात हाच ठेवा.

स्टिक सगळ्यांची प्लास्टिकच्या ब्लेडची. आइस हॉकीची लाकडी किंवा कंपोझिट स्टिक एकालाही नको, ती झिजून ब्लेडला धार येते आणि फरशीवर ओरखडे पडतात. ब्लेडला चीर गेली तर ती स्टिक त्या क्षणी बाहेर.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुकानात "तुम्ही डावरे की उजवे" विचारतात आणि उजव्या हाताने लिहिणारा माणूस गोंधळतो. क्रिकेटमध्ये बॅट कशी धरता ते आठवा. उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्याचा डावा हात वर आणि उजवा खाली असतो. तीच पकड इथे धरणार असाल तर उजव्या बाजूची स्टिक घ्या. इथे वाढलेली बरीच मुलं लिहितात उजव्या हाताने पण स्टिक डावी वापरतात, त्यांचं पाहून घेऊ नका.

*तपासा:* स्टिक ताठ उभी धरली, टोक खाली ठेवलं, तर वरचं टोक बेंबी आणि छाती यांच्या मधे यावं. हनुवटीपर्यंत येणारी स्टिक लहान जिममध्ये दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोचते.

४. अंगावर काय हवं

डोळ्यांचं संरक्षण सक्तीचं. पर्याय दोनच द्या: जाळी असलेलं हॉकी हेल्मेट, ज्यावर कॅनडात सीएसए या मानक संस्थेची खूण असते, किंवा पॉलिकार्बोनेटचा खेळाचा चष्मा, ज्यावर एएसटीएम एफ८०३ असं मानक छापलेलं असतं. रोजचा नंबरचा चष्मा हे संरक्षण नव्हे, उलट तो फुटला की काच डोळ्यात जाते. नंबर असलेल्यांनी त्यावरून बसणारा खेळाचा चष्मा घ्यावा किंवा जाळीचं हेल्मेट.

यावर सवलत देऊ नका. "आज विसरलो, फक्त आजच्या दिवस" हे वाक्य प्रत्येक संध्याकाळी एकदा तरी ऐकू येतं. लीगने चार जास्तीचे चष्मे पेटीत ठेवावेत म्हणजे नाही म्हणणं सोपं जातं.

फरशीवर डाग न पडणारे जिमचे बूट, गुडघ्याखाली शिनपॅड आणि हातमोजे सगळ्यांना हवेत. दातांचं रक्षक वैकल्पिक ठेवा पण आग्रह धरा. घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढायची. मंगळसूत्र काढायचं नसेल तर जर्सीच्या आत टेपने चिकटवलेलं असावं, हे आधीच लिहून ठेवा म्हणजे ऐन वेळी कुणाला संकोच होत नाही.

गोलकीपरला चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट, छातीचं पॅड, पायांची पॅडं, पकडायचा हातमोजा आणि गुप्तांगाचं संरक्षण. मास्क नसलेल्या माणसाने गोलमध्ये एक मिनिटही उभं राहायचं नाही, सरावातसुद्धा नाही.

५. स्टिकचे नियम: इथे सगळ्यात जास्त चुकतं

बाकीचं सगळं जरा सैल झालं तरी निभावतं. हा भाग नाही. आपल्या खेळाडूंच्या हातात दोन जुन्या सवयी असतात. एक क्रिकेटची: चेंडू येताना दिसला की बॅकलिफ्ट आपोआप होते. दुसरी शाळेतल्या मैदानी हॉकीची. दोन्ही सवयी मोडायला नियम बारीक पण मोजका हवा.

"स्टिक धोकादायक उंचीवर नेऊ नये" असं लिहू नका. धोकादायक म्हणजे किती यावरच वाद होतो. असं लिहा:

१) शॉट किंवा पास मारण्याआधी ब्लेड मागे नेताना ते स्वतःच्या गुडघ्याच्या वर जाता कामा नये. गेलं की तो स्लॅप शॉट. गोल झाला तरी धरायचा नाही, आणि दोन मिनिटं बाहेर (तेवढा वेळ संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो).

२) इतर कोणत्याही वेळी ब्लेड कमरेच्या वर गेलं की हाय स्टिक. आसपास कुणी नसेल तर चेंडू समोरच्या संघाला. कुणी स्टिकच्या टप्प्यात असेल तर दोन मिनिटं. कुणाच्या खांद्यावर किंवा त्याच्या वर लागली तर चार मिनिटं, चुकून लागली तरीही.

३) कंबर म्हणजे तो खेळाडू ताठ उभा असतानाची कंबर. वाकून खेळणाऱ्यासाठी ती खाली येत नाही आणि उडी मारणाऱ्यासाठी वर जात नाही.

४) दुसऱ्याच्या स्टिकवर स्टिक मारणं, ती उचलणं, दाबून धरणं, दोन पायांत घालणं: दोन मिनिटं. दुसऱ्याच्या चेंडूवर स्टिक घालताना आधी चेंडूला लागली तर चालेल.

५) स्टिक हातातून सुटली तरी दोन मिनिटं. फेकली तर सामन्यातून बाहेर.

"चुकून" हा शब्द दुसऱ्या नियमात मुद्दाम घातला आहे. आमच्या पहिल्या हंगामात तो नव्हता. एका संध्याकाळी फॉलो-थ्रूमध्ये स्टिक वर गेली आणि बाजूने येणाऱ्याच्या भुवईवर तीन टाके पडले. मारणाऱ्याचा हेतू अजिबात वाईट नव्हता, तो स्वतःच रडवेला झाला होता, म्हणून पंचांनी काहीच दिलं नाही. पुढच्या आठवड्यात स्टिका आणखी वर गेल्या. हेतू बघायला लागलो की पंच न्यायाधीश होतो. उंची बघायला सांगितली की त्याचं काम सोपं होतं.

मैदानी हॉकी खेळलेल्यांना वेगळं बसवून एवढं समजावा: तिथे स्टिकची फक्त सपाट बाजू चालते, इथे ब्लेडच्या दोन्ही बाजू चालतात. तिथे चेंडू पायाला लागला की फाउल, इथे नाही. हे माहीत नसलेला खेळाडू पायाला चेंडू लागला की हात वर करून थांबतो, आणि समोरचा गोल करून जातो.

*तपासा:* पहिल्या सामन्याआधी प्रत्येक खेळाडूकडून पंचांसमोर पाच शॉट मारून घ्या. बॅकलिफ्ट गुडघ्याच्या वर जाते का ते त्याला स्वतःला समजत नाही. फोनवर चित्रीकरण करून दाखवलं की लगेच पटतं.

६. हात, पाय, शरीर, क्रीज, भिंत

पायाने चेंडू थांबवता येईल आणि स्वतःच्या स्टिकवर घेता येईल. पायाने पास नाही, पायाने गोल नाही. उघड्या पंजाने चेंडू खाली दाबता येईल, पण मूठ बंद केली किंवा हाताने सहकाऱ्याकडे ढकलला तर चेंडू दुसऱ्या संघाकडे.

शारीरिक धडक नाही. खांद्याला खांदा लागून चेंडूसाठी धावणं चालेल. कोपर, कंबर, पाठ यांनी ढकलणं चालणार नाही. या दोघांमधली रेषा पंचाला शंभर टक्के पकडता येत नाही, म्हणून भिंतीजवळ एक जास्तीचा नियम ठेवा: भिंतीपासून एक मीटरच्या आत ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्यावर पाठीमागून जायचं नाही. बाजूला उभं राहून स्टिकने वाट अडवा. बर्फावरची फळी थोडी लवते, शाळेची भिंत लवत नाही.

क्रीजमध्ये गोलकीपरशिवाय कुणीही उभं राहायचं नाही, बचाव करणारा खेळाडूसुद्धा नाही. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि मग गोलमध्ये दोन-दोन माणसं उभी असतात. हल्ला करणारा आत असताना गोल झाला तर रद्द. बचाव करणाऱ्याने आत येऊन चेंडू अडवला तर पेनल्टी शॉट, म्हणजे एका खेळाडूने फक्त गोलकीपरसमोर मारायचा शॉट. गोलकीपरने चेंडू दाबून धरला की तीन सेकंदांत खाली ठेवायचा किंवा मागे द्यायचा.

छताला, बास्केटला किंवा लटकत्या दोरीला चेंडू लागला की खेळ थांबला.

फेस-ऑफ (समोरासमोरच्या दोन खेळाडूंमध्ये चेंडू टाकून खेळ सुरू करणं) फक्त दोन्ही अर्धांच्या सुरुवातीला आणि इजेनंतर. गोल झाल्यावर ज्या संघावर गोल झाला त्याने स्वतःच्या गोलमागून चेंडू सुरू करायचा. एका सामन्यात यामुळे चार-पाच मिनिटं वाचतात आणि फेस-ऑफला होणारी स्टिकांची खणाखणीही टळते.

७. सामन्याची वेळ आणि हंगामाचं गणित

संध्याकाळी ७ ते १० असा तीन तासांचा परवाना धरा. २० मिनिटांचे दोन अर्ध, घड्याळ न थांबवता, मधे ३ मिनिटं विश्रांती, आधी ५ मिनिटं हातपाय मोकळे करायला: ४८ मिनिटं. एक सामना ५० मिनिटांचा धरला की तीन सामन्यांना १५० मिनिटं. उरलेली ३० मिनिटं सुरुवातीला मांडामांड आणि शेवटी आवराआवर. घड्याळ थांबवायची पद्धत ठेवलीत तर तिसरा सामना होतच नाही, आणि तिसऱ्या सामन्याच्या दोन संघांनी पैसे तेवढेच दिलेले असतात.

सहा संघ असतील तर प्रत्येकाशी एकदा खेळायला १५ सामने, दोनदा खेळायला ३०. रोज तीन सामने म्हणजे दहा संध्याकाळी, आणि प्रत्येक संघ दर आठवड्याला एकदाच खेळतो. त्यात उपांत्य आणि अंतिम सामन्यांची एक, हिमवादळासाठी राखीव एक आणि हंगामाआधीच्या चाचणीची एक धरा. परवाना तेरा संध्याकाळचा मागा. शाळेच्या सुट्ट्या आणि शाळेत मतदान केंद्र असलेले दिवस आधीच वगळून घ्या.

विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. गुण समान झाले तर आधी आपापसातला सामना, मग गोलफरक, मग कमी पेनल्टी मिनिटं. गोलफरक एका सामन्यात पाचपर्यंतच धरा. नाहीतर दुबळ्या संघावर शेवटपर्यंत गोल चढवत राहण्याला नियमानेच प्रोत्साहन मिळतं. एका खेळाडूचे एका सामन्यात तीनच गोल धरायचे हा नियमही ठेवा. लहानपणापासून रस्त्यावर हॉकी खेळलेला एखादा विशीतला मुलगा एकटा सामना जिंकून देऊ शकतो. तीन गोलांनंतर त्याला पास द्यावाच लागतो आणि त्याच्या संघातले बाकीचे जागे होतात.

स्त्रीने केलेल्या गोलाला दोन गुण, असा नियम काही ठिकाणी ठेवतात. मी त्याच्या विरोधात आहे. पहिल्याच सामन्यात पुरुष खेळाडू तिला गोलसमोर उभं करून ठेवतात आणि ती खेळत नाही, गुण मिळवायचं साधन बनते. त्यापेक्षा कोर्टवर कायम किमान एक स्त्री असावी, असं ठरवलेलं बरं.

८. पेनल्टी आणि तिचं घड्याळ

दोन मिनिटांची पेनल्टी खेळ पुन्हा सुरू झाल्या क्षणापासून मोजायची, शिट्टी वाजल्यापासून नाही. स्कोअररने घड्याळावरची वेळ लिहून ठेवायची. समोरच्या संघाने गोल केला की दोन मिनिटांची पेनल्टी तिथेच संपते. चार मिनिटांच्या पेनल्टीची पहिली दोन संपतात.

चार खेळाडूंच्या संघात कोर्टवर तीनपेक्षा कमी खेळाडू कधीच ठेवू नका. दुसऱ्याला पेनल्टी झाली तर तो बाहेर बसतो, बदली खेळाडू आत येतो आणि दुसऱ्याची वेळ पहिल्याची संपल्यावर सुरू होते.

शेवटच्या दोन मिनिटांत झालेल्या फाउलला वेळेची पेनल्टी अर्थहीन असते. तिथे थेट पेनल्टी शॉट द्या.

एका सामन्यात तीन पेनल्टी झाल्या की त्या सामन्यापुरता बाहेर. मारामारी, मुद्दाम डोक्यावर स्टिक, पंचाला हात लावणं: हंगामभरासाठी बाहेर, पैसे परत नाहीत. ही शिक्षा कुणी द्यायची तेही आधी लिहा. तीन जणांची समिती, वेगवेगळ्या संघांतली, आणि ज्या संघाचा प्रश्न असेल त्याचा सदस्य त्या दिवशी बाजूला. सगळी मंडळी एकमेकांच्या घरी गणपतीला जाणारी असतात, त्यामुळे एका माणसावर हा निर्णय टाकणं त्याच्यावर अन्याय आहे.

९. पंच आणि स्कोअरर

बाहेरचे दोन पंच परवडत असतील तर घ्या, त्यापेक्षा चांगला खर्च नाही. परवडत नसतील तर रोज जो संघ खेळून झाला किंवा पुढे खेळायचा आहे त्याचे दोन पंच आणि एक स्कोअरर. न आल्यास त्या संघाचा एक गुण वजा. गुण वजा होत नसेल तर कुणी येत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं, आणि तेही खेळ थांबल्यावर. बाकी कुणी बोललं तर एकदा ताकीद, मग दोन मिनिटं. पंचाचा निर्णय बदलत नाही. नियम चुकीचा लावला असेल, म्हणजे दोनऐवजी चार मिनिटं दिली असतील, तर कर्णधाराने त्याच वेळी सांगायचं. स्टिक कमरेच्या वर गेली होती की नव्हती यावर मात्र चर्चा नाही.

१०. नोंदणी आणि संघवाटप

मित्रांचे तयार संघ घेतले तर दोन संघ सगळे सामने जिंकतात आणि दोन सगळे हरतात. हरणारे पुढच्या वर्षी येत नाहीत. एकेकट्याने नोंदणी घ्या, प्रत्येकाला स्वतःची पातळी १ ते ४ लिहायला सांगा, आणि चाचणीच्या संध्याकाळी ती दुरुस्त करा. माणसं स्वतःला बहुतेक वेळा एक पातळी कमी लिहितात. नंतर प्रत्येक संघात पातळींची बेरीज जवळपास सारखी येईल असं वाटप करा. नवरा-बायको किंवा एकाच गाडीने येणारे दोघं एका संघात हवेत ही विनंती मान्य करा, त्यापलीकडे नाही.

गोलकीपर आधी शोधा, संघ नंतर. सहा संघांना आठ गोलकीपर हवेत. गोलकीपरची वर्गणी माफ करा. त्याचं सामान सगळ्यात महाग असतं आणि तो नसला तर सामना होत नाही.

संघात आठ ते नऊ खेळाडू आणि गोलकीपर पुरेत. तीन खेळाडू आणि गोलकीपर असले की सामना सुरू करायचा. ठरल्या वेळेपासून दहा मिनिटांत तेवढे आले नाहीत तर ३-० असा पराभव, आणि उरलेल्या वेळात मिसळून मैत्रीचा सामना.

प्रत्येकाकडून नियमांची प्रत वाचल्याची सही, तातडीच्या संपर्काचं नाव आणि दमा, मधुमेह, हृदयविकार यांची माहिती घ्या. ही माहिती फक्त त्या संध्याकाळच्या जबाबदार माणसाकडे असावी, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

११. डोक्याला मार लागला तर

२०१३ साली ओटावात रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी रग्बी खेळताना थोड्याच दिवसांत डोक्याला लागोपाठ मार बसून गेली. त्यानंतर २०१८ मध्ये ओंटारियोत तिच्या नावाचा कायदा झाला. तुमची लीग त्या कायद्याच्या कक्षेत येवो न येवो, त्यातला मूळ नियम उचलून पहिल्या पानावर लिहा: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही.

बेशुद्ध पडलं तरच कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला धक्का), असा आपल्याकडे समज आहे. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. डोकं जड वाटणं, गरगरणं, प्रकाश सहन न होणं, उत्तर द्यायला वेळ लागणं, उगीच चिडणं किंवा रडू येणं, स्कोअर काय झाला ते न आठवणं, यातलं एक दिसलं तरी पुरे. "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं धरायचं नाही. त्याला स्वतः गाडी चालवत घरी जाऊ देऊ नका आणि एकट्याला सोडू नका. परत खेळायला डॉक्टरची चिठ्ठी हवी.

*थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन:* उलट्या, मानेत दुखणं, दोन-दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी, शुद्ध हरपणं. मान दुखत असेल तर हलवू नका आणि हेल्मेट काढू नका.

चाळिशी-पन्नाशीतल्या खेळाडूंमुळे हृदयाचाही विचार करावा लागतो. जिमच्या इमारतीत एईडी (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र) कुठल्या भिंतीवर आहे आणि संध्याकाळी तिथलं दार उघडं असतं का, हे पहिल्या दिवशी स्वतः चालत जाऊन बघा. ते कुलूपबंद कार्यालयात असेल तर केअरटेकरशी बोलून किल्लीची सोय करा.

१२. चाचणीची संध्याकाळ आणि नियमांत बदल

गुण नसलेली एक संध्याकाळ ठेवा. दहा-दहा मिनिटांचे सामने, आणि पंच प्रत्येक शिट्टीनंतर मोठ्याने कारण सांगतात. त्या रात्री जे वाद होतात त्यातून नियमांची पळवाट दिसते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत पाठवा, त्यावर तारीख घाला, आणि त्यानंतर हंगामात बदल करायचा नाही. अपवाद फक्त सुरक्षेचा: तो बदल समिती लगेच करू शकते आणि तो पुढच्या संध्याकाळपासून सगळ्यांना लागू होतो, मागच्या निकालांना नाही.

नियम दोन पानांत बसले पाहिजेत. मराठीत लिहा, पण फाउलची नावं इंग्रजीतलीच ठेवा, कारण बाहेरचा पंच "हाय स्टिक" असंच ओरडणार आहे.

१३. रोजच्या संध्याकाळचा क्रम

जबाबदार माणूस पंधरा मिनिटं आधी येतो. तो आधी फरशी बघतो: बर्फाच्या बुटांचं पाणी सांडलेलं असतं आणि ओल्या फरशीवर गुडघा पिरगळतो, म्हणून बूट दाराबाहेर बदलायचे आणि कोरडं पुसणं हातात ठेवायचं. मग गाद्या, मग गोल, मग टेप. गोलमागे जाळी भिंतीला घासत नाही ना, गोल सरकत नाही ना. प्रथमोपचार पेटीत बर्फाच्या पिशव्या आहेत ना.

प्रत्येक सामन्याआधी पंच रांगेने डोळ्यांचं संरक्षण, बूट, ब्लेड बघतो. एक मिनिट लागतं. सामना संपल्यावर दोन्ही कर्णधार स्कोअरशीटवर सही करतात. तक्रार असेल तर सहीच्या शेजारी एका ओळीत लिहितात. शीटवर नसलेली तक्रार समिती घेत नाही, फोनवरची नाही आणि रात्री साडेअकराच्या ग्रुप मेसेजमधलीही नाही.

९ वाजून ४५ मिनिटांनी शेवटची शिट्टी, सामना कितीही रंगात असला तरी. खेळलेल्या शेवटच्या दोन संघांनी टेप काढायची, गाद्या जागेवर ठेवायच्या, बाकांखाली गेलेले चेंडू मोजून पिशवीत टाकायचे. जबाबदार माणूस फरशीचा एक फोटो काढतो, केअरटेकरला सांगतो आणि १० वाजता दिवे बंद.